लवचिक लाइनची किंमत नक्की किती? २००८ सालच्या अमेरिकन कार प्लांट्सचं प्रकरण

कारखान्याच्या प्लॅनिंगमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकासमोर हा प्रश्न कधी ना कधी येतोच, की एकच मॉडेल काढणारी स्वस्त आणि फास्ट लाइन घ्यायची की दोनतीन मॉडेल चालतील अशी जरा महाग लाइन घ्यायची, आणि बहुतेक वेळा कॅपेक्सच्या, म्हणजे मशीन आणि इमारतींवरच्या मोठ्या खर्चाच्या, मीटिंगमध्ये स्वस्तवाली जिंकते कारण तिची बचत कोटेशनमध्ये छापलेली असते आणि दुसरीचा फायदा कुठेच छापलेला नसतो. तो फायदा आकड्यात मांडायचा कसा हे समजून घ्यायला मला २००८ चं अमेरिकेतलं प्रकरण सगळ्यात उपयोगी वाटतं. बाजार एकच, उन्हाळा एकच, झटकाही एकच, आणि चार कंपन्यांचे प्लांट त्यात कसे वागले ते शेजारी शेजारी ठेवून बघता येतं.

आधी काय झालं ते. २००७ मध्ये अमेरिकेत साधारण १ कोटी ६१ लाख गाड्या विकल्या गेल्या आणि डेट्रॉइटवाल्या कंपन्यांचा, म्हणजे जनरल मोटर्स (जीएम), फोर्ड आणि क्रायस्लरचा, नफा पिकअप ट्रक आणि मोठ्या एसयूव्हीवर उभा होता. २००८ मध्ये कच्चं तेल चढत चढत जुलैत बॅरलला १४७ डॉलरला टेकलं, पंपावर पेट्रोल गॅलनला सरासरी ४.११ डॉलर झालं, गॅलन म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास, तिथल्या लोकांनी असा भाव कधी बघितलाच नव्हता. मे महिन्यातच उलथापालथ दिसली. कित्येक वर्षं देशात सर्वाधिक खपणारी गाडी म्हणजे फोर्डची एफ सिरीज पिकअप, ती त्या महिन्यात पाचव्या नंबरवर गेली आणि पहिली आली होंडा सिव्हिक, मधले तीन नंबरही टोयोटा आणि होंडाच्या कार्सनीच घेतले. म्हणजे गिऱ्हाईक पळालं नव्हतं अजून, ते शोरूमच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेलं होतं. प्लॅनिंगच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचं आहे, एकूण मागणी पडणं आणि मागणी एका मॉडेलवरून दुसऱ्यावर सरकणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत आणि लवचिक लाइनचा उपयोग दुसऱ्या प्रकारात होतो.

जनरल मोटर्सने ३ जून २००८ ला चार ट्रक आणि एसयूव्ही प्लांट बंद करणार म्हणून जाहीर केलं, ओहायोमधला मोरेन, विस्कॉन्सिनमधला जेन्सव्हिल, कॅनडातला ओशावा आणि मेक्सिकोतला तोलुका. जेन्सव्हिल प्लांट १९१९ चा, गावाच्या पिढ्या त्यावर जगलेल्या, तिथली शेवटची एसयूव्ही २३ डिसेंबर २००८ ला बाहेर पडली, नाताळच्या दोन दिवस आधी. हे वाचताना दर वेळी वाईट वाटतं, कारण कामगारांनी काम वाईट केलं म्हणून तो प्लांट गेला नाही, तिथे जे बनत होतं त्याशिवाय दुसरं काही बनवायची सोय नव्हती.

फोर्डने जुलैत सांगितलं की मिशिगनमधल्या वेन इथला मिशिगन ट्रक प्लांट, जिथे एक्स्पिडिशन आणि नॅव्हिगेटर या अवाढव्य एसयूव्ही बनायच्या, तो बदलून तिथे छोटी फोकस काढणार. निर्णय बरोबरच होता. पण बदलायला खर्च किती, तर ५५ कोटी डॉलर, आणि नवी फोकस लोकांच्या हातात पडेपर्यंत २०११ उजाडलं. मधल्या काळात काय झालं बघा, डिसेंबर २००८ अखेर पेट्रोल १.६० डॉलरच्या आसपास आलेलं होतं. ज्या मागणीसाठी प्लांट बदलायला घेतला ती मागणी बांधकाम सुरू होतानाच थंड झाली होती.

टोयोटाची या बाबतीत सगळे स्तुती करतात पण टोयोटाचाही टंड्रा पिकअपचा सॅन अँटोनिओ प्लांट एकाच कामाचा होता आणि तो नुकताच, २००६ मध्ये सुरू झाला होता. ऑगस्टपासून साधारण तीन महिने तिथलं आणि इंडियानातल्या प्रिन्स्टनचं ट्रक उत्पादन थांबवलं, मात्र माणसांना घरी पाठवलं नाही, पगार चालू ठेवून ट्रेनिंग आणि कायझेनची, म्हणजे छोट्या छोट्या सुधारणांची, कामं दिली. मग टंड्रा सगळी सॅन अँटोनिओला, आणि हायलँडर ही एसयूव्ही प्रिन्स्टनला अशी वाटणी ठरली. मिसिसिपीत ब्लू स्प्रिंग्जला नवा प्लांट उभा राहत होता तो मुळात हायलँडरसाठी, झटका बसल्यावर म्हणाले पेट्रोल आणि बॅटरीवर चालणारी प्रियस काढू, मग डिसेंबरात काम थांबवलं, आणि शेवटी २०११ मध्ये तिथून निघाली छोटी कार कोरोला. एक प्लांट चालू होईपर्यंत त्याचं मॉडेल दोनदा बदललं. तेव्हा पाच वर्षांनंतर काय खपेल हे आम्हाला माहीत आहे असं कुणी प्रेझेंटेशनमध्ये ठासून सांगितलं की मला ब्लू स्प्रिंग्ज आठवतं.

आता होंडा. ओहायोमधला ईस्ट लिबर्टी प्लांट १९८९ चा. तिथे २००८ मध्ये सिव्हिक, सीआरव्ही आणि एलिमेंट अशा तीन गाड्या निघत होत्या आणि सिव्हिकवरून सीआरव्हीवर जायला त्यांना पाचेक मिनिटं लागतात असं तेव्हाच्या बातम्यांमध्ये आलं होतं. सिव्हिक ठेंगणी सेडान, सीआरव्ही उंच आणि जाड. फोर्डला एका प्लांटमध्ये उंच गाडीवरून ठेंगण्या गाडीवर यायला दोन वर्षांहून जास्त, आणि यांना चहा गार व्हायच्या आत.

हे कसं जमतं ते जवळून बघण्यासारखं आहे. कुठल्याही बॉडी शॉपमध्ये, म्हणजे जिथे पत्रे जोडून गाडीचा सांगाडा बनतो तिथे, गाडीचा खालचा पत्रा, म्हणजे फ्लोअर, आधी स्किडवर किंवा फिक्स्चरवर, म्हणजे त्याला पकडून ठेवणाऱ्या ढाच्यावर, बसतो. बसतो म्हणजे त्याच्यातल्या ठरावीक भोकांत लोकेटिंग पिन जातात, क्लॅम्प पडतात, आणि तिथून पुढे प्रत्येक रोबोटच्या दृष्टीने जग त्या पिनांपासून मोजलं जातं. दोन मॉडेलची ही भोकं वेगवेगळ्या जागी असली की स्किड वेगळं, फिक्स्चर वेगळं, क्लॅम्पिंगचा क्रम वेगळा, म्हणजे दुसरी लाइनच. पण डिझाइनवाल्यांनी पहिल्या दिवशीच ठरवलं की दोन्ही गाड्यांची ही भोकं एकाच जागी, दारं बसवायचा क्रम एकच, डॅशबोर्ड आत जायची दिशा एकच, तर उरतो तो फरक वरच्या पत्र्याचा आणि उंचीचा, आणि तो रोबोटचा प्रोग्रॅम बदलून आणि त्याच्या टोकाचा पंजा बदलून भागतो. होंडाने नेमकं हेच केलं होतं, सीआरव्ही सिव्हिकच्याच प्लॅटफॉर्मवरून, म्हणजे खालच्या मूळ ढाच्यावरून, आलेली आणि गाड्या दिसायला वेगळ्या असल्या तरी जोडायची पद्धत एकसारखी ठेवलेली. म्हणून मी म्हणतो की ती पाच मिनिटं शॉप फ्लोअरवर कमावलेली नाहीत, ती काही वर्षं आधी ड्रॉइंगवर कमावलेली आहेत. आपल्याकडे बऱ्याचदा डिझाइन फ्रीझ झाल्यावर मॅन्युफॅक्चरिंगला बोलावतात आणि मग म्हणतात आता लाइन फ्लेक्सिबल करा, तेव्हा ते महागच पडणार.

कॅनडात अ‍ॅलिस्टनलाही होंडाने असंच केलं, तिथे बनणारी रिजलाइन पिकअप २००९ मध्ये अलाबामातल्या लिंकन प्लांटकडे दिली, जिथे आधीपासून ओडिसी आणि पायलट बनत होत्या, म्हणजे अ‍ॅलिस्टनमध्ये छोट्या गाड्यांना जागा झाली. कंपनीच्या प्लांट्सची जाळी अशी होती की एक काम इकडून तिकडे सरकवलं की दुसरीकडे जागा मोकळी होते.

आता किंमत. हे सगळं ऐकायला छान पण मीटिंगमध्ये आकडा लागतो, तर सोपं गणित करू. समजा दोन प्लांट आहेत, एक छोटी गाडी बनवतो एक मोठी, दोघांची कॅपॅसिटी महिन्याला १००. प्रत्येक गाडीची मागणी निम्म्या वेळा ६० आणि निम्म्या वेळा १४०, सरासरी १०० च. दोन्ही प्लांट आपापल्या गाडीला बांधलेले असतील तर ६० आली की ६० विकणार, १४० आली की १०० च विकणार, सरासरी ८०, दोघांची मिळून १६०. कॅपॅसिटी २००, सरासरी मागणी २००, आणि विक्री १६०! सरासरीवर प्लॅन करणाऱ्यांचं इथेच चुकतं, बाकी ४० कुठे गेले ते त्यांना सापडतच नाहीत.

आता दोन्ही प्लांट दोन्ही गाड्या काढू शकतात असं धरा. मागण्या एकमेकांशी संबंध नसलेल्या असतील तर चार शक्यता सारख्याच, दोन्ही कमी म्हणजे १२०, एक कमी एक जास्त म्हणजे २०० (हे दोनदा), दोन्ही जास्त म्हणजे कॅपॅसिटीइतके २००. सरासरी १८०. म्हणजे एकही मशीन न वाढवता २० गाड्या जादा. गाडीमागे ५० हजार रुपये काँट्रिब्युशन, म्हणजे विक्रीच्या किमतीतून त्या गाडीपुरता होणारा खर्च वजा जाता उरणारी रक्कम, धरलं तर महिन्याला १० लाख, वर्षाला १ कोटी २० लाख. लवचिकतेचा जादा खर्च वर्षाकाठी याच्या आत बसत असेल तर ती घ्यायची, नसेल तर नाही. आणि फक्त एकाच प्लांटला दोन्ही गाड्या येत असतील तर? तर सरासरी १७०, म्हणजे निम्मा फायदा.

खरी गंमत पुढे आहे. मागण्या उलट्या दिशेने हलत असतील, एक वाढली की दुसरी पडतेच, तर पूर्ण लवचिकतेत दर महिन्याला २०० विकल्या जातात, फायदा २० वरून ४० वर. आणि दोन्ही एकाच वेळी वाढत आणि एकाच वेळी पडत असतील तर विक्री १६० च राहते, एकेका गाडीला बांधलेल्या प्लांटइतकीच, लवचिकतेवर खर्च केलेला रुपया न रुपया वाया. यंत्रं तीच, खर्च तोच, आणि फायदा शून्यापासून ४० गाड्यांपर्यंत कुठेही, तो ठरतो कोणत्या दोन गोष्टी एका लाइनवर आणल्या यावरून.

जीएमचं नेमकं काय चुकलं हे इथे कळतं. जीएमकडे लवचिकता अजिबात नव्हती असं नाही, टाहो, सबर्बन आणि युकॉन या एसयूव्ही जेन्सव्हिललाही बनायच्या आणि टेक्ससमधल्या आर्लिंग्टनलाही, म्हणजे एक मॉडेल दोन प्लांटमध्ये आणि एका प्लांटमध्ये अनेक मॉडेल. कागदावर हे लवचिक दिसतं. पण पेट्रोल वाढल्यावर टाहो पडली, सबर्बन पडली, युकॉनही पडली, सगळ्या एकाच दिवशी एकाच दिशेने. या लवचिकतेचा उपयोग टाहो कमी आणि युकॉन जास्त अशा बारीक चढउतारांना झाला असेल, २००८ च्या झटक्याला झाला नाही. ट्रक आणि कार यांच्या मधे पूलच नव्हता, आणि त्याला इंजिनिअरिंगचं कारणही आहे, मोठ्या एसयूव्हीची बॉडी वेगळी आणि खालची चॅसी फ्रेम वेगळी, कारचं सगळं एकसंध, त्यामुळे दोघांची जोडणी मुळातूनच वेगळी.

आणि याबद्दलचा सगळ्यात गाजलेला अभ्यास जीएममधूनच आलेला आहे. जीएमच्या रिसर्चमधले विल्यम जॉर्डन आणि एमआयटीचे स्टीफन ग्रेव्हज यांनी १९९५ मध्ये तो छापला. त्यांनी १० प्लांट आणि १० मॉडेल घेतले, प्रत्येक प्लांट १०० काढणार, प्रत्येक मॉडेलची सरासरी मागणी १०० पण ती २० पासून १८० पर्यंत कुठेही जाऊ शकते. प्रत्येक प्लांटला एकच मॉडेल दिलं तर सरासरी विक्री साधारण ८५३. प्रत्येक प्लांट प्रत्येक मॉडेल काढू शकत असेल तर ९५४. आता यातली बघण्यासारखी गोष्ट, प्रत्येक प्लांटला फक्त एकच जास्तीचं मॉडेल शिकवायचं, पण साखळीत, पहिल्याला १ आणि २, दुसऱ्याला २ आणि ३, तिसऱ्याला ३ आणि ४, असं करत दहाव्याला १० आणि परत १. तर विक्री येते ९५० च्या आसपास. शंभर जोडण्यांचा जवळजवळ सगळा फायदा वीस जोडण्यांत. आणि त्याच वीस जोडण्या साखळी न करता जोड्याजोड्यांनी बंद केल्या, म्हणजे १ आणि २ आपसात, ३ आणि ४ आपसात, तर विक्री ९०० च्या आसपासच अडकते. साखळीत काय होतं की एका टोकाची जादा मागणी एकेक पाऊल सरकत सरकत दुसऱ्या टोकाच्या रिकाम्या प्लांटपर्यंत पोचते, मधल्या कुणालाच दोनपेक्षा जास्त मॉडेल यावी लागत नाहीत. मला वाटतं प्रॉडक्शन प्लॅनिंगमध्ये शिकवल्या जाणाऱ्या गोष्टींत ही सगळ्यात सुंदर गोष्ट आहे आणि छोट्या युनिटलाही तशीच लागू पडते, दहा ऑपरेटरना दहाही मशीन शिकवायची गरज नाही, स्किल मॅट्रिक्समध्ये, म्हणजे कुणाला कोणतं मशीन येतं त्या तक्त्यात, प्रत्येकाला शेजारचं एक मशीन द्या आणि साखळी पूर्ण होते का तेवढं बघा.

लवचिकता फुकट नसते हेही सांगायला हवं. लाइनला दोन मॉडेल आली की लाइनच्या कडेला दुप्पट पार्ट्सना जागा लागते, चुकीचा पार्ट लागायचा धोका वाढतो म्हणून पोका योके, म्हणजे चूक होऊच नये अशी सोय, लागतं, दोन मॉडेलच्या कामाच्या वेळा वेगळ्या असल्या की लाइनचा वेग जड मॉडेलच्या हिशोबाने धरावा लागतो आणि हलक्या मॉडेलला माणसं मधेमधे रिकामी राहतात, नाहीतर सिक्वेन्स असा लावायचा की दोन जड गाड्या लागोपाठ येणार नाहीत. हा सगळा खर्च रोजचा आहे, झटका येवो न येवो. तो गणितात न धरता लवचिकतेची तरफदारी करणं मला पटत नाही.

माणसांचंही आहे. डेट्रॉइटच्या कंपन्यांत तेव्हा युनियनच्या करारातली जॉब्ज बँक होती, काम नसलं तरी कामगाराला जवळजवळ पूर्ण पगार मिळायचा. मी याला कामगारांची चूक म्हणणार नाही, नोकरीची हमी मागणं बरोबरच आहे. पण मॅनेजमेंटच्या बाजूने पगार असाही द्यायचाच आहे म्हटल्यावर खपत नसलेली गाडी बनवत राहून डिस्काउंटवर ढकलणं सोपं वाटायला लागतं, आणि २००८ च्या ऑगस्टमध्ये जीएमने खरंच सगळ्या गिऱ्हाइकांना एम्प्लॉयी डिस्काउंट देऊ केला. टोयोटानेही पगार चालू ठेवलाच, पण पुढे प्लांटची कामं बदलणार हे माहीत असल्याने त्या वेळात माणसं तयार केली. हमी आणि लवचिकता एकत्र नांदू शकतात, त्यासाठी माणसाला दुसरं काम यावं लागतं.

आता होंडाचं कौतुक किती करायचं. २००८ मध्ये अमेरिकेत होंडाची विक्री साधारण ८ टक्के पडली, टोयोटाची १५ टक्के, फोर्डची २० च्या वर, जीएमची २३ च्या आसपास, क्रायस्लरची ३० टक्के. हे बघून सगळं श्रेय लवचिक प्लांटला द्यायचा मोह होतो पण ते बरोबर नाही, होंडाकडे मुळात मोठे ट्रक नव्हतेच, त्यांचा माल आधीपासूनच लोकांना तेव्हा हवा होता तसा होता. आणि सप्टेंबरमध्ये बँका कोसळल्यावर खेळच बदलला, २००८ ची एकूण विक्री १ कोटी ३२ लाख आणि २००९ ची १ कोटी ४ लाख. छोटीही नको आणि मोठीही नको अशी वेळ आली तेव्हा होंडालाही उत्पादन कापावं लागलंच. वरच्या गणितातली ही दोन्ही कमी असलेली ओळ, १२० च विकले जातात, कितीही लवचिक असा.

दुसरी मर्यादा पुरवठादारांच्या टप्प्याची. प्रियसला त्या उन्हाळ्यात लोक रांग लावून उभे होते आणि तरी २००८ ची प्रियसची अमेरिकेतली विक्री आदल्या वर्षीच्या १ लाख ८१ हजारांवरून १ लाख ५८ हजारांवर आली, कारण बॅटऱ्याच तेवढ्या बनत नव्हत्या. असेंब्ली कितीही लवचिक असली तरी पुरवठादाराकडे जो पार्ट अडतो तिथे सगळं अडतं. आपल्याकडे हेच डिझेलच्या वेळी झालं. २०१० मध्ये पेट्रोलचे भाव खुले झाले, डिझेलचे नाही, दोन्हींतला फरक वाढत गेला आणि सगळ्यांना डिझेल गाडी हवी झाली. मारुतीकडे गाडीची लाइन होती, बॉडी तीच, पेंट तोच, अडलं डिझेल इंजिनाच्या कॅपॅसिटीवर. शेवटी जानेवारी २०१२ मध्ये फियाट इंडियाच्या आपल्या पुण्याजवळच्या रांजणगाव प्लांटमधून वर्षाला १ लाखापर्यंत इंजिनं घ्यायचा करार झाला. स्वतःचं नवं इंजिन युनिट लगेच उभं राहत नाही तेव्हा दुसऱ्याची रिकामी कॅपॅसिटी वापरणं ही पण लवचिकताच. पुढे ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही खुलं झालं आणि गिऱ्हाईक परत पेट्रोलकडे वळायला लागलं, तेव्हा भाड्याची कॅपॅसिटी सोडता येते, बांधलेली सोडता येत नाही.

वेनच्या प्लांटचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. फोर्डने तो बदलताना चांगला धडा घेतला, पेट्रोल फोकस, इलेक्ट्रिक फोकस, सीमॅक्स या गाडीची हायब्रिड आणि प्लग इन (चार्जिंगवाली हायब्रिड) रूपं अशी सगळी एका लाइनवर आणली. पण २०१८ मध्ये फोकस बंद झाली, प्लांट परत बदलला, आणि तिथून रेंजर पिकअप आणि नंतर ब्राँको निघायला लागली. फिरून ट्रक. इंजिनाच्या प्रकारातली लवचिकता त्यांनी मिळवली होती, कार आणि फ्रेमवाला ट्रक यांच्यातली नाही, त्यामुळे दुसऱ्यांदाही बंद ठेवून, पैसे ओतूनच बदल करावा लागला.

तुमच्या युनिटमध्ये हे करून बघायचं असेल तर मोठं सॉफ्टवेअर लागत नाही, एक्सेल पुरे. मागच्या दोन वर्षांचं महिनावार फोरकास्ट आणि प्रत्यक्ष ऑर्डर मॉडेलनुसार शेजारी मांडा, डिस्पॅच, म्हणजे पाठवलेला माल, नको, कारण डिस्पॅचमध्ये तुम्ही न देऊ शकलेली ऑर्डर दिसतच नाही. फरक काढा आणि प्रत्येक दोन मॉडेलचे फरक एकाच दिशेने जातात की उलट ते कोरिलेशनच्या फॉर्म्युल्याने बघा. जे उलट जातात ते एका लाइनवर आणायला काय लागेल ते आधी टूल रूमला विचारा, पिना आणि क्लॅम्पपासून, मग पेंट शॉपला, मग पुरवठादाराला. एकाच गिऱ्हाइकाचे दोन पार्ट असतील तर बहुतेक ते एकत्रच पडतात, म्हणून दोन वेगळ्या गिऱ्हाइकांचे, जमलं तर दोन वेगळ्या धंद्यांचे पार्ट एका मशीनवर बसतात का ते बघा, टू व्हीलरचा एक आणि ट्रॅक्टरचा एक असं. मग वर केलं तसं ६० आणि १४० चं गणित आपल्या आकड्यांनी करा आणि जो आकडा येईल तो कॅपेक्सच्या शीटमध्ये स्वतंत्र ओळ करून टाका, मशीनच्या किमतीच्या बरोबर खाली.